गोल्ड ग्लव्हसाठी कॅचर कसा जोखायचा?

यष्टीमागचा:
अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये उत्तम क्षेत्ररक्षणासाठी रॉलिंग्ज कंपनीचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार १९५७ पासून दिला जातो. मतं मॅनेजर आणि कोच देतात, आपापल्या लीगमधल्या खेळाडूंना, पण स्वतःच्या संघातल्या कुणालाही नाही. २०१३ पासून साधारण २५ टक्के वजन आकडेवारीच्या निर्देशांकाला आहे. शॉर्टस्टॉप किंवा सेंटर फील्डर अशा मैदानातल्या क्षेत्ररक्षकांसाठी ही वाटणी मला चालते. बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणाऱ्या कॅचरसाठी मात्र ती उलटी करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

कारण साधं आहे. डगआउट, म्हणजे मॅनेजर-कोचांची बसायची जागा, मैदानाच्या बाजूला असतं. तिथून बॉल किती उंच आला हे दिसतं, पण बॅटरपुढच्या सतरा इंच रुंद प्लेटच्या कडेला लागला की कडेबाहेर गेला, हे दिसूच शकत नाही. आणि कॅचरचं सगळ्यात मोलाचं काम त्या कडेवरच चालतं: कडेचा बॉल सफाईने झेलून अंपायरकडून स्ट्राईक (तीन झाले की बॅटर बाद) मिळवणं, म्हणजेच फ्रेमिंग. लीगच्या स्टॅटकास्ट या मोजमाप यंत्रणेच्या हिशोबात कडेवरचा एक जादा स्ट्राईक म्हणजे ०.१२५ रन. मोसमात असे शंभर जादा स्ट्राईक मिळवून देणारा कॅचर बारा-साडेबारा रन वाचवतो. बेस चोरायला धावणाऱ्या रनरला बाद करणाऱ्या नुसत्या थ्रोवर एवढं कमावणं फार कठीण.

मोलिना बंधूंकडे बघा. तिघेही कॅचर. बेंजीला दोन गोल्ड ग्लव्ह, यादिएरला नऊ, होजेला एकही नाही. २०११ मध्ये विश्लेषक माइक फास्टने फ्रेमिंगचा हिशोब मांडला, तेव्हा त्यात सगळ्यात उठून दिसला तो होजे! उलट कॅन्सस सिटीच्या सॅल्वादोर पेरेझला पाच मिळाले (२०१३ ते २०१६ आणि २०१८), आणि फ्रेमिंगमध्ये तो वर्षानुवर्षं सरासरीखाली. त्याचा हात जबरदस्त आहे, मान्य. पण डगआउटला हातच दिसतो.

जळगावची कॅचर:
मी कॉलेजमध्ये सॉफ्टबॉलला कॅचर होते, म्हणून लिहिते. फ्रेमिंग म्हणजे अंपायरच्या नजरेची चूक पदरात पाडून घेणं. कौशल्य आहे, नाही म्हणत नाही. पण क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार त्यावर ठरावा हे मला मुळीच पटत नाही.

तिसऱ्या बेसवर रनर आहे (बॉल मागे सुटला तर तो रन काढणार), दोन स्ट्राईक झालेत. अशा वेळी पिचर (बॉल फेकणारा) जमिनीत घुसणारा स्लायडर, म्हणजे वळणारा बॉल, टाकायला धजतो की नाही, हे मागे कोण बसलंय त्यावर ठरतं. अंगावर बॉल घेणारी कॅचर असेल तर पिचर बिनधास्त टाकतो. नसेल तर बॉल वर ठेवतो आणि मार खातो. हा फरक ब्लॉकिंगच्या (जमिनीवरचा बॉल अडवण्याच्या) आकड्यात येत नाही, कारण न टाकलेला पिच (फेकलेला बॉल) मोजणार कसा? अटलांटात ग्रेग मॅडक्स हावी लोपेझऐवजी एडी पेरेझला मागे बसवायचा. लोपेझ बॅटने कितीतरी सरस, तरीही. मॅडक्ससारखा पिचर उगाच असं करेल?

आकडेमोड:
न टाकलेल्या पिचचा मुद्दा खरंच चांगला आहे. पण त्यावरून मत कुणाला द्यायचं? पिचर हाताळण्याचं कौशल्य शोधायचा प्रयत्न झालाय. कोणता कॅचर असताना किती रन गेले, हे विश्लेषक कीथ वूल्नरने १९९९ मध्ये तपासलं होतं. वर्षागणिक टिकणारा फरक त्याला सापडला नाही. फरक अजिबात नसेलच असं मी म्हणत नाही, पण मोजता येत नाही म्हटल्यावर मतदार नावलौकिकावर जातात.

थ्रोचंही तेच. बॉल मिटमध्ये (कॅचरच्या ग्लव्हमध्ये) आल्यापासून दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंत मोठ्या लीगमध्ये सरासरी दोन सेकंद लागतात, उत्तम कॅचरला १.९ च्या आसपास. एवढ्याशा फरकावर रनर बाद होतो, हे खरं. पण पिचरची हालचाल संथ असेल तर ते दशांश कधीच वाया गेलेले असतात. २०२२ मध्ये २४८६ बेस चोरीला गेले (म्हणजे पिच पडताना रनर धावून पुढचा बेस गाठले), २०२३ मध्ये ३५०३. एका हिवाळ्यात सगळ्या कॅचरांचे हात लुळे पडले का? बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले आणि पिचरच्या पिकऑफवर (बेसवरच्या रनरला बाद करायला तिकडे बॉल फेकण्यावर) बंधन आलं, म्हणून हे घडलं. बाद केलेल्या रनरांची टक्केवारी कॅचरच्या एकट्याच्या नावावर लिहिणं मला अन्यायाचं वाटतं.

सॅन होजेकर:
कोचांना काही कळत नाही असा सूर लावू नका. आमच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा पॅट्रिक बेली २०२३ मध्ये फ्रेमिंगचा बादशहा होता, तरी पुरस्कार ॲरिझोनाच्या गॅब्रिएल मोरेनोला गेला. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, पण मोरेनोचा थ्रो पाहिला असेल तर ती निवड चुकीची म्हणता येणार नाही. मग २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षं बेलीच. तेच मतदार, तीच पद्धत. माणसं शिकतात.

आणि २०२६ पासून चॅलेंजची, म्हणजे अंपायरच्या स्ट्राईकच्या निर्णयाला आव्हान देऊन यंत्राकडून तपासून घेण्याची पद्धत आहे, त्याचं काय? प्रत्येक संघाला दोन चॅलेंज, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं, आणि ते फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरच घेऊ शकतो. कडेबाहेरचा बॉल कितीही सफाईने आत ओढला तरी बॅटर हेल्मेटवर हात ठेवून चॅलेंज घेणार. तुमचे साडेबारा रन तेवढेच राहणार का?

यष्टीमागचा:
कमी होतील, संपणार नाहीत. चॅलेंज हाताशी मोजकेच, त्यामुळे बहुतेक पिच अंपायरच्या शब्दावरच राहतील. शिवाय कोणता बॉल आत होता हे कॅचरइतकं कुणाला कळतं? योग्य वेळी चॅलेंज घेणं हेही त्याच्या खात्यावर जमा करा.

जळगावची कॅचर:
धोनीने कितीतरी वेळा अचूक डीआरएस घेतला, पण त्याचं यष्टिरक्षण आपण हातांवरूनच जोखलं ना? निर्णयशक्ती वेगळी, झेलणं वेगळं. चॅलेंजचं श्रेय द्या, हवं तर त्याला वेगळा पुरस्कार द्या. गोल्ड ग्लव्हमध्ये ते नको.

यष्टीमागचा:
मग मॅडक्सचं उदाहरण तरी कसं चालेल? कोणता पिच मागायचा, हीही निर्णयशक्तीच. आणि मूळ अडचण अशी की, कॅचर पिचरला कसा सांभाळतो हे ज्यांना खरोखर माहीत असतं, त्या त्याच्याच संघाच्या कोचांना त्याला मत देता येत नाही. मत देतात ते समोरच्या बाकावरचे. म्हणजे ज्या गुणासाठी तुम्ही माणसांचं मत मागताय, तोच गुण त्या माणसांना सर्वांत कमी दिसतो.

जळगावची कॅचर:
तर मतदार बदला, गुण कशाला बाद करता? दरवर्षी कितीतरी पिचर संघ बदलतात. दोन-तीन संघांतल्या कॅचरांसमोर त्यांनी पिच टाकलेले असतात. त्यांना विचारा, तिसऱ्या बेसवर रनर असताना कुणासमोर बॉल जमिनीत टाकायला भीती वाटली नाही. जुन्या सहकाऱ्याशी दोस्ती-दुश्मनी मधे येईल, हे मला दिसतंय. तरी आताच्या मतदारांपेक्षा त्यांचं मत मी कधीही वर ठेवीन.

आकडेमोड:
हे मला चालेल, एका अटीवर. पिचरांना फक्त ब्लॉकिंग आणि पिच मागण्याबद्दल विचारा. फ्रेमिंग आणि थ्रो यंत्राकडेच राहू द्या.