दाभ्यात घरामागच्या प्लॉटवर चितळं येतात, त्यांना न पळवता फोटो कसा काढू?

गच्चीवरून_दाभा

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरला दाभ्यात शेवटच्या लेआऊटमध्ये राहतो. घरामागे दोन-तीन रिकामे प्लॉट, सगळा तरोटा नि बाभळी माजलेल्या, आणि पुढे गोरेवाड्याच्या जंगलाची बाजू. कोजागिरी झाल्यापासून रोज सकाळी सहाच्या आसपास तिथे चितळं येऊन राहिली, दोन माद्या आणि एक नर. पहिल्या दिवशी दूध गरम करता करता खिडकीतून दिसली आणि मी गॅस बंद करून नुसती पाहतच राहिली. मोबाइलवर फोटो काढले पण तपकिरी ठिपक्याशिवाय काही आलं नाही.

मग दिराचा कॅमेरा मागून आणला, ७०-३०० ची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स आहे, आणि परवा खाली उतरली. फाटक जरासं वाजलं आणि तिघं अशी उधळली की नर बाजूच्या प्लॉटच्या काटेरी तारेवर आदळला, दोन सेकंद अडकला, मग सुटून गेला. मला इतकं वाईट वाटलं की दिवसभर कशात मन लागलं नाही. काल ते आलेच नाहीत, आज आले पण खूप लांब उभे होते.

तर विचारायचं हे, की त्यांना त्रास न होता फोटो निघेल का? दुसरं, नराच्या शिंगांवर केसाळ असं काहीतरी आहे, टोकं पण गोल गोल दिसतात, काही रोग आहे का? आणि तिसरं, शेजारचे काका त्यांच्यासाठी रात्रीच्या उरलेल्या पोळ्या नि भात तिथे नेऊन ठेवतात, प्रेमानेच ठेवतात, पण बरोबर आहे का ते?

पाणवठा

ताई, आधी शिंगांचं सांगतो म्हणजे जीव भांड्यात पडेल. रोग नाही जी. चितळाची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवीन येतात, वाढत असताना त्यावर मखमलीसारखी लव असलेली कातडी असते, तिच्यात रक्त खेळत असतं. शिंग पूर्ण वाढलं की ती कातडी सुकते आणि नर झाडाला घासून काढून टाकतो. पण या दिवसात शिंग नाजूक असतं, मार बसला तर रक्त येतं किंवा शिंग वाकडं वाढतं, म्हणून त्या तारेचं काहीतरी कराच.

आता फोटो. खाली उतरूच नका, गच्चीवर जा. आणि ते आल्यावर नाही, ते यायच्या आधी, म्हणजे पावणेसहालाच जाऊन बसा. तुम्ही आधीपासून तिथे असल्या तर त्यांच्यासाठी कठड्याचाच भाग होता, नंतर हलत आल्या तर धोका होता. अर्धी पिशवी तांदूळ कठड्यावर ठेवून त्यावर लेन्स टेकवा, हात हलत नाही. निळे कपडे नको, हरणांना केशरी-लाल नीट कळत नाही पण निळा चांगला दिसतो, मळकट रंगाची शाल घ्या. शटरचा आवाज बंद होत असेल तर करा. फ्लॅश अजिबात नाही.

सेटिंग म्हणाल तर तेवढ्या सकाळी उजेड कमी असतो, आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेड किती टिपतो ते, ३२०० पर्यंत जाऊ द्या, फोटोत थोडे दाणे येतील पण हललेल्या फोटोपेक्षा बरं. चितळ उभं असेल तर शटर १/३२० सेकंद, चालत असेल तर १/५००. फोकस डोळ्यावर. ३०० वर पण लहान दिसलं तर दिसू द्या, मागची बाभूळ, धुकं, रिकामा प्लॉट सगळं येऊ द्या, तोच तर तुमच्या घरामागचा फोटो आहे, क्लोजअप तर कुठल्याही सफारीत मिळतो.

आणि चितळाकडे लक्ष ठेवा. चरताना मान खाली असेल, शेपटी हलत असेल तर निवांत आहे. मान वर करून कान तुमच्याकडे रोखले की थांबा. पुढचा पाय जमिनीवर आपटला किंवा शेपटी उभी केली की कॅमेरा खाली घेऊन मागे सरका, त्याच्या पुढची पायरी म्हणजे ओरडून पळणं.

सेमिनरीहिल्स_वॉकर

पोळ्या आणि भात आजच्या आज बंद करायला सांगा काकांना. चितळ रवंथ करणारं जनावर आहे, त्याच्या पोटातले जंतू गवत-पाल्यावर चालतात, अचानक भात-पोळी जास्त गेली की पोटात आम्ल वाढतं, जनावर मरू पण शकतं. दुसरं म्हणजे त्या वासावर कुत्रे येतात, आणि माझ्या मते शहराच्या कडेला हरणाचा सगळ्यात मोठा शत्रू मोकाट कुत्राच आहे. कुत्र्यांनी दमवलेलं हरीण वरून धड दिसलं तरी नंतर मरतं, अतिताणाने त्याचे स्नायूच खराब होतात. म्हणून लोकं मिळून "पकडून वाचवायला" धावतात ते तर बिलकुल करू नका. जखमी दिसलं तर लांबून कुत्रे हाकला, गर्दी हटवा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन लावा. आपल्याकडे सेमिनरी हिल्सला जखमी वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथली माणसं शिकलेली आहेत.

काकांना रागावू नका मात्र. त्यांनाही सांगा की गच्चीवर या, पाहा.

फेटरी_शेतकरी

तुमच्याकडे तीन चितळं येतात तर फोटो काढता, आमच्याकडे रात्री हरणांचा कळप येते, घोड्याएवढाली हरणं, हरभरा आताच वर आला तं बुडापासून साफ. रात्र रात्र जागलीवर बसून राहिलो. आम्हाले बी जनावर आवडते भाऊ, पण पोट बी आहे.

पाणवठा

दादा, घोड्याएवढं म्हणता ते रोही असणार, नीलगाय. नर निळसर-करडा, आखूड शिंगांचा, मादी तपकिरी, तिला शिंगं नसतात. ते हरणाच्या नाही, गाई-बकरीच्या कुळातलं. त्याची शिंगं पोकळ असतात आणि जन्मभर गळत नाहीत. शेणाचे ढीग एकाच जागी सापडत असतील बघा, रोही परत परत तिथेच येऊन टाकते. तुमचं दुःख खरं आहे, पंचनामा करून वनविभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज टाकाच, नुकसान झाल्या झाल्या फोटो काढून ठेवा, तारखेसकट. कॅमेऱ्याचा तोही उपयोग आहे.

फेटरी_शेतकरी

हौ, रोहीच. शेणाचे ढीग बांधावर आहेतच. आम्ही सगळ्यालेच हरणं म्हणतो. उद्या फोटो काढतो मोबाइलनं.

काटोलनाका

एक राहिलं. फोटो टाकाल तेव्हा मोबाइलचं लोकेशन बंद करा आणि गल्लीचं नाव लिहू नका, नाहीतर रविवारी तिथे पन्नास गाड्या उभ्या. आणि अंधारात त्या प्लॉटवर एकटं जाऊ नका, चितळ जिथे तिथे बिबट्या येऊ शकतो. २०२१ च्या मे महिन्यात आयटी पार्कजवळ गायत्रीनगरात बिबट्या दिसला होता, तो भाग तर भर वस्तीचा. घाबरवत नाही, गोरेवाड्याला लागून राहतो तर हे माहिती पाहिजे.

पोरांना गळलेलं शिंग सापडलं तर घरी आणू देऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते सरकारचं, वनविभागाला कळवायचं.

गच्चीवरून_दाभा

सगळ्यांचे खूप आभार. चार दिवसांनी लिहून राहिली. काकांशी बोलली, त्यांना पोटाचं माहितीच नव्हतं, ऐकून गप्पच झाले, दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन जुना भात उचलून आणला. प्लॉटवाल्यांना फोन केला, तार काढायला ते तयार नाहीत पण तारेला काही बांधायला हरकत नाही म्हणाले, तर मी नि सासूबाईंनी जुन्या पांढऱ्या धोतराच्या पट्ट्या फाडून तारेला हात-हात अंतरावर बांधल्या, म्हणजे तार दिसेल तरी.

आणि फोटो निघाला! तांदळाच्या पिशवीने कमाल केली. १/४०० आणि आयएसओ ३२००, दोन माद्या धुक्यात, एक चरते आहे आणि दुसरीचे कान पुढे, मी लगेच कॅमेरा खाली ठेवला तर ती परत चरायला लागली. काका बाजूला स्वेटर घालून बसले होते, अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत.

नर मात्र दोन दिवस दिसला नाही. शेवटी दिसला तेव्हा लंगडत नव्हता, पण मांडीवर ओरखडा आहे असं वाटलं, फोटो मोठा करून पाहिला तरी नक्की कळत नाही. नीट चालतो, चरतो, तर १९२६ ला कळवावं का? तोपर्यंत उद्या पावणेसहाला वर जाते.

सेमिनरीहिल्स_वॉकर

कळवा ताई. चालता-चरता आहे हेही सांगा आणि फोटो पाठवा, बाकी ते ठरवतील.