बटण बंद म्हणजे करंट बंद नव्हे

एकांनी लिहिलंय की सॉकेट बदलताना शेजारचं बटण बंद केलं की पुरे. नाही हो, पुरत नाही! लालबागला आमच्या चाळीत जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी (करंट आणणारी वायर) न्यूट्रलवर (करंट परत नेणारी वायर) जोडलेलं निघालं. बटण बंद, मिक्सर बंद, पण सॉकेटात टेस्टर घातला तर लख्ख पेटला. २३० व्होल्ट तिथेच बसलेले.

म्हणून मेन किंवा त्या लाइनचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा मीटरजवळचा स्विच) पाडायचा, तोही घरात सगळ्यांना सांगून. (आमच्या आईने 'लाइट गेली वाटतं' म्हणत परत वर केला होता!) टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघा. त्यातला दिवाच गेला असेल तर तो कुठेच पेटणार नाही आणि तुम्ही बिनधास्त हात घालाल.

पावसाळ्यात भिंतीला ओल असेल तर बोर्ड उघडूच नका. आणि एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (तेवढा करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच) लागतो.

गीझरचा १६ अँपिअरचा सॉकेट काळा पडला असेल तर मागची वायरही बघा. टोक जळकं असेल तर तेवढं कापून स्क्रू घट्ट आवळा, नाहीतर नवा सॉकेटही तसाच वितळेल.