मदत हवी आहे : मिनी-आयटीएक्ससाठी प्लायवूडचं कॅबिनेट, कापण्याआधी आराखडा तपासून द्याल का?

धागाकर्ता : ठोकळा

हॉलमधल्या टीव्हीखाली ठेवायला लाकडी कॅबिनेट करायचं आहे. सामान घेऊन झालंय : मिनी-आयटीएक्स (छोट्या चौकोनी मापाचा) मदरबोर्ड (170 × 170 मिमी), रायझन 5 5600जी प्रोसेसर, तो थंड ठेवायला 47 मिमी उंचीचा कुलर (वर 92 मिमीचा पंखा) आणि 450 वॅटचा एसएफएक्स (छोट्या मापाचा) एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा (125 × 100 × 63.5 मिमी). ग्राफिक्स कार्ड नाही.

डब्याचं आतलं माप रुंदी 320, खोली 200, उंची 75 मिमी धरलंय. सगळ्या बाजू, मागचीसुद्धा, 12 मिमी बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या) प्लायच्या. पुढून हवा आत घ्यायला 80 मिमीचा पंखा, आणि झाकणाला 3 मिमीच्या ड्रिलने भोकांची नक्षी.

अडतंय ते असं :
1. मदरबोर्डसोबत आलेली पोर्टांची चौकट (आयओ शिल्ड) प्लायमध्ये बसवायची कशी?
2. बोर्ड प्लायवर कसा टेकवायचा? थेट लाकडात स्क्रू चालतील?
3. हवा पुरेल का?
4. पॉवर बटण म्हणून साधा स्विच चालेल का?

जिगसॉ, ड्रिल, कानस, व्हर्निअर घरात आहेत. ग्राइंडर शेजारी मागता येईल.

---

गुण्या

आधी उंची बघा. 75 मिमीच्या डब्यात 80 मिमीचा पंखा उभा कसा करणार? :) तो रद्दच करा, या प्रोसेसरला लागतही नाही.

आता मुख्य मुद्दा. मागची बाजू प्लायची करू नका. शिल्डच्या कडेचे चाप साधारण 1 मिमी जाडीच्या पत्र्यात अडकावेत अशा मापाचे असतात (एटीएक्स या बोर्ड-कॅबिनेटांच्या ठरलेल्या मापांत ही जाडी 0.94 ते 1.32 मिमी दिली आहे). 12 मिमी प्लायमध्ये ते कुठेच अडकत नाहीत, शिल्ड आत ढकलली जाते. शिवाय पोर्ट लाकडात 12 मिमी खोल जातात. एचडीएमआयच्या पिनेचं जाड प्लास्टिक कडेला आपटतं आणि पिन अर्धीच बसते. मग पडदा मधूनच काळा होतो आणि माणूस दोष केबलला देत बसतो.

लाकूड पाच बाजूंना, मागे 1 किंवा 1.2 मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा. शिल्डचा गाळा 158.75 × 44.45 मिमी. इथे अर्धा मिमी जास्त कापला गेला तरी शिल्ड खुळखुळते. कोपऱ्यांत 3 मिमीची चार भोकं पाडा, बारीक दात्यांचं धातूचं पातं लावून जिगसॉने रेषेच्या अर्धा मिमी आतून कापा, उरलेलं कानसेने आणा. शिल्ड अंगठ्याने दाबून 'टक्' आवाज करत बसली की थांबा.

गाळा कुठे आखायचा हे कागदावरच्या आकड्यांवरून ठरवू नका. बोर्ड स्पेसरवर (बोर्ड उचलून धरणाऱ्या खुंट्यांवर) बसवा, पोर्टांवर शिल्ड चढवा, पत्रा मागून टेकवा आणि शिल्डच्या कडेने सुईने ओरखडा.

---

तारकाम

गुण्यांना +1. एक भर : आखणी आतून केली की बाहेरून ती आरशातल्यासारखी उलटी होते. पत्र्याच्या एका अंगावर मार्करने मोठ्या अक्षरात 'बाहेर' लिहून ठेवा आणि कापताना तीच बाजू वर ठेवा. पोरखेळ वाटेल, पण पत्रा वाया जातो तो नेमका इथेच.

शिल्डला आतून पत्र्याच्या बारीक जिभा असतात, त्या पोर्टांच्या अंगाला टेकायला हव्यात. घाईत बोर्ड सरकवला तर एखादी जीभ नेटवर्कच्या किंवा यूएसबीच्या तोंडात शिरते. यूएसबीत शिरली तर शॉर्ट होऊ शकतं. बसवल्यावर मागून टॉर्च मारून प्रत्येक पोर्ट बघा.

---

भंगारप्रेमी

एवढी कानस घासण्यापेक्षा भंगारवाल्याकडून जुनं कॅबिनेट आणा. बोर्ड बसवायचा ट्रे आणि मागचा पत्रा रिव्हेटने जोडलेले असतात, ते दोन्ही जोडलेलेच राहू द्या. फक्त बाजूचे रिव्हेट 3.5 मिमीच्या ड्रिलने उडवा आणि नको तो भाग ग्राइंडरला 1 मिमीची कटिंग डिस्क लावून कापा. स्टँडऑफच्या (बोर्ड टेकवायच्या आटेदार खुंट्यांच्या) जागा, शिल्डचा गाळा, सगळं कारखान्यातल्या मापाचं मिळतं.

एटीएक्स ट्रेवर मिनी-आयटीएक्सची चारही भोकं जुळतात. बाकीच्या जागचे स्टँडऑफ मात्र आठवणीने काढून टाका. एखादा बोर्डाखाली राहिला की मागच्या सोल्डरला टेकतो आणि मशीन चालू होत नाही.

---

गुण्या

पर्याय चांगला. पण एसएफएक्सची खिडकी त्या पत्र्यात नसणार, ती कापावी लागेलच. आणि ट्रेला कापलेली धार राहते ती कानसेने मारा, नाहीतर केबलचं आवरण कापलं जाईल. ग्राइंडर चालवताना बोर्ड त्या खोलीतही नको. लोखंडाचा कीस सॉकेटपर्यंत पोचतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : पितळी स्टँडऑफ थेट प्लायमध्ये पिळू नका. आटे दोनतीनदा उघडझापीत भुसा होतात. खालून 12 मिमी प्लायमधून आरपार एम3 (3 मिमी जाडीचा) चपट्या डोक्याचा स्क्रू आणि वर 10 मिमीचा दोन्हीकडून आटे असलेला पितळी स्पेसर.

स्क्रू 16 मिमीचाच घ्या. डोकं लाकडात बुडवल्यावर 4 मिमी वर येतो. वरून बोर्डाचा 6 मिमी स्क्रू 1.6 मिमीचा बोर्ड ओलांडून 4.4 मिमी आत जातो. बेरीज 8.4, म्हणजे 10 मध्ये बसते. 20 मिमीचा घेतलात तर 8 अधिक 4.4 होतात, दोन्ही स्क्रू आत एकमेकांना भिडतात आणि बोर्ड सैलच राहतो. वरून तुम्ही आवळत बसता.

चार भोकं चौकोनात नाहीत, हेही लक्षात असू द्या. मागच्या दोनांपैकी एक 22.86 मिमी आत आहे. बोर्डच अँटिस्टॅटिक पिशवीसकट ठेवू नका, भोकं झाकली जातात. जाड कागदावर बोर्ड ठेवून भोकांतून पेन्सिल फिरवा आणि तो कागद प्लायवर चिकटवा. इंटरनेटवरून छापील नकाशा काढणार असाल तर प्रिंटरमध्ये 100 टक्के निवडा आणि छापून आल्यावर 170 मिमी पट्टीने मोजा.

---

ठोकळा

पत्रा पटला. नवीन अॅल्युमिनियमचाच करतो. पण 10 मिमी स्पेसर लावला तर कुलर झाकणाला लागेल का?

---

गुण्या

10 स्पेसर + 1.6 बोर्ड + सॉकेटसकट प्रोसेसर साधारण 8 + कुलर 47 = 66.6. तुमच्या 75 मध्ये वर जेमतेम 8 मिमी उरतात. आतली उंची 80 करा, म्हणजे 13 मिळतील. कुलर पंख्याला जाळी अगदी चिकटली की शिट्टी वाजते.

---

वाराझोत

झाकणाला 3 मिमीची भोकं, तीही 12 मिमी प्लायमध्ये? ती भोकं कसली, नळ्या झाल्या. हवा त्यातून ओढताना पंखा ओरडेल आणि वर्षभरात धुळीने बंद होतील.

95 मिमीच्या होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) कुलरच्या बरोबर वर एक गोल कापा, दुसरा एसएमपीएसच्या पंख्यावर. एसएमपीएस पंखा वर करून बसवा. आतून अॅल्युमिनियमची जाळी लावा. जाळी घेताना भोक आणि अंतर दोन्ही विचारा : 3 मिमी भोक 5 मिमी अंतरावर (तिरप्या ओळींत) असेल तर जेमतेम 33 टक्के जागा मोकळी असते, 4 मिमी भोक त्याच अंतरावर असेल तर 58 टक्के. दिसायला दोन्ही सारख्याच.

मग सगळ्यात महत्त्वाचं. कुलर आणि झाकण यांमधल्या 13 मिमी फटीतून डब्यातलीच गरम हवा पंखा परत ओढतो. दाराच्या फटीला लावतात ती फोमची पट्टी जाळीभोवती गोल चिकटवा, झाकण लावल्यावर ती पंख्याच्या चौकटीला हलकी दाबली जाईल. आता पंख्याला बाहेरचीच हवा मिळेल. ती गरम होऊन जाणार कुठून? दोन्ही बाजूंना खालच्या कडेला 10 × 120 मिमीच्या दोन-दोन फटी आणि मागच्या पत्र्यात मोकळ्या जागी जाळी. टीव्हीच्या युनिटमध्ये मागे फळी असेल तर तीही कापावी लागेल, तो भाग विसरू नका.

बायॉसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) सीटीडीपी, म्हणजे प्रोसेसरची वीज-मर्यादा, 45 वॅटवर ठेवता येतं. घरगुती कामात फरक जाणवत नाही, पंखा मात्र शांत होतो.

---

तारकाम

चौथा प्रश्न. दिव्याचा स्विच चालणार नाही. मदरबोर्डला क्षणभराचा स्पर्श हवा असतो. दाबल्यावर दाबलेलाच राहणारा स्विच लावला तर मशीन सुरू होतं आणि साधारण चार सेकंदांनी धाडकन बंद पडतं, कारण बोर्डाला वाटतं तुम्ही बटण धरून ठेवलंय. दारावरच्या बेलचं बटण चालतं. नीटस हवं असेल तर 16 मिमीचं धातूचं पुश बटण 'मोमेंटरी' सांगून घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला 'लॅचिंग नको' एवढं म्हटलं तरी पुरे. प्लाय 12 मिमी असल्याने बटणाचा नट मागून पोचत नाही, आतून त्या जागी 30 मिमीचा खळगा करून लाकूड 4-5 मिमी ठेवा.

बटण-दिव्यांच्या तारा जोडायच्या बोर्डावरच्या पिना : नेहमीच्या नऊ पिनांच्या मांडणीत 6 आणि 8 पॉवर बटण (उलटसुलट चालतं), 2 आणि 4 पॉवरचा दिवा (2 धन), 1 आणि 3 डिस्कचा दिवा (1 धन). 10 नंबरची पिन नसतेच, ती रिकामी जागा शोधून मोजायला लागा. तरी बोर्डाच्या पुस्तिकेशी ताडून घ्याच.

---

ठोकळा

सगळ्यांचे आभार, मापं बदलतोय. शेवटचं : लाकडी डब्यात अर्थिंगचं काय? आणि पॉलिश कधी?

---

तारकाम

मशीन चालायला डबा धातूचा असण्याची गरज नाही, बोर्डाला ग्राउंड एसएमपीएसच्या तारांतूनच मिळतो. पण तुमचा मागचा पत्रा हात लागणारा धातू आहे, तो अर्थ व्हायलाच हवा. एसएमपीएसच्या चार स्क्रूंनी तो होतो, मात्र पत्र्याला रंग किंवा अॅनोडायझिंग असेल तर स्क्रूखाली तो खरवडून चकाकता धातू काढा. केबल भिंतीतून काढून मल्टिमीटर लावा : प्लगची जाड पिन ते पत्रा, 1 ओहमपेक्षा कमी यायला हवं. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या किंवा टेस्टर पेटला तर भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग तुटलंय, एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे तो व्होल्टेज दिसतो. इलेक्ट्रिशियन बोलवा. एसएमपीएस उघडू नका.

---

गुण्या

पॉलिश सगळी भोकं पाडून झाल्यावर, पण सामान बसवण्याआधी. आतल्या कापलेल्या कडांनाही एक हात द्या, पावसाळ्यात प्लाय ओल तिथूनच पितो. आणि कापायच्या आधी प्लायची जाडी व्हर्निअरने मोजा. 12 म्हणून घेतलेला 11.3 निघाला तर बाहेरच्या मापातून आतलं काढताना दोन्ही बाजूंचे मिळून 1.4 मिमी चुकतात, आणि मागचा पत्रा तेवढाच अरुंद पडतो. पत्रा शेवटी कापा, डबा चिकटवून झाल्यावर, प्रत्यक्ष माप घेऊन.