प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवर सर्व्हरची ओएस कशाला?

फोंड्याहून : "ज्याला खरा प्रोग्रॅमर व्हायचे आहे त्याने पहिल्या दिवसापासून लॅपटॉपवर उबुंटू सर्व्हरच घालावी, डेस्कटॉप हे नुसते लाड आहेत," हे म्हापशाच्या मित्रांचे मत वाचून मला राहवले नाही, कारण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दोन मुलांनी ते प्रमाण मानले आणि पंधरा दिवस वायफाय जोडण्यातच घालवले. उबुंटू ही ओएस, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली; तिची डेस्कटॉप आवृत्ती खिडक्या आणि माऊसने चालते, तर सर्व्हर आवृत्ती काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून. १२.०४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, उबुंटूच्या सर्व्हर आणि डेस्कटॉपचा कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, एकच आहे. फरक आहे तो सोबत कोणती पॅकेजेस, म्हणजे तयार प्रोग्रॅम, येतात याचा, त्यामुळे सर्व्हरवर कोड जलद चालतो हा समज निराधार आहे. ब्राउझर, एडिटर, प्रोजेक्टर ही आपली रोजची अवजारे आहेत. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर वीज गेली की बॅटरी संपत आल्याची सूचना त्या काळ्या पडद्यावर कोण देणार?

म्हापशाहून : लाड हा शब्द मी मागे घेणार नाही. गेल्या गणेश चवथीच्या तोंडावर मी एका दुकानदाराला मराठीतून बिल काढणारा प्रोग्रॅम लिहून दिला. घरच्या डेस्कटॉपवर पीडीएफ सुरेख निघत होती. सर्व्हरवर, म्हणजे जिथे तो चालणार त्या संगणकावर, चढवला आणि गणपतीपुढे टांगायच्या माटोळीच्या सामानाच्या बिलावर नारळ, सुपारी, तोरिंग यांच्या जागी रिकामे चौकोन उमटले. वाचता येत होते ते फक्त आकडे. दुकानात गिऱ्हाइकांची रांग लागली होती आणि दुकानदार फोनवर माझा उद्धार करीत होता. डेस्कटॉपबरोबर देवनागरी फॉन्ट आपोआप आले होते, सर्व्हरवर एकही नव्हता. मी सर्व्हरवरच लिहीत असतो, तर ही चूक पहिल्याच दिवशी कळली असती.

पणजीहून : चौकोन निदान लगेच दिसतात. फॉन्ट असूनही पीडीएफ तयार करणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) अक्षरांची जुळणी करीत नसेल, तर 'किलो'मधली वेलांटी 'क'च्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात. हार्फबझसारखे जुळणीचे तयार साधन फुकट उपलब्ध असताना हे का व्हावे? माझ्या आईचे नाव एका प्रमाणपत्रावर असेच मोडके छापून आले आणि ते दुरुस्त करून घेण्यासाठी मला तीन हेलपाटे घालावे लागले. ज्या गोव्यात कोकणी आणि मराठी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात, तिथे प्रोग्रॅम देण्यापूर्वी एकही मराठी ओळ छापून न पाहणे हा निष्काळजीपणा आहे, मग ओएस कोणतीही असो.

म्हापशाहून : निष्काळजी मला म्हणता? त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून लोहित देवनागरी फॉन्ट मीच बसवला.

फोंड्याहून : आपल्या कष्टांबद्दल शंका नाही, निष्कर्षाबद्दल आहे. आपली अडचण डेस्कटॉपमुळे झाली नाही. जिथे प्रोग्रॅम चालणार त्या जागेची नक्कल करून पाहिली नाही, म्हणून झाली. डेस्कटॉपवरच डेबियन या ओएसच्या कमीत कमी सामानाच्या 'स्लिम' इमेजचा कंटेनर, म्हणजे बाकी यंत्रापासून वेगळा ठेवलेला कप्पा, चालवला असता, तर त्यात फॉन्ट नसल्यामुळे तेच चौकोन चवथीच्या महिनाभर आधी दिसले असते. कंटेनर नको असेल तर ८ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर २ जीबी देऊन उबुंटू सर्व्हरचे आभासी यंत्र, म्हणजे संगणकातला संगणक, आरामात चालते. बसवलेल्या फॉन्टची यादी देणाऱ्या 'एफसी-लिस्ट' या आज्ञेला मराठीचे फॉन्ट विचारले आणि उत्तर रिकामे आले, की काय बसवायचे ते पाच मिनिटांत समजते. मात्र एक गोष्ट मला मान्य करावी लागेल : माझ्या त्या दोन मुलांनी आजवर एकही प्रोग्रॅम खऱ्या सर्व्हरवर चढवलेला नाही, आणि ती उणीव माझ्या शिकवण्यातली आहे.

म्हापशाहून : कंटेनरचे म्हणणे पटले, नाइलाजाने का होईना. बिलाचा प्रोग्रॅम आज रात्री तसा बांधून पाहतो. पण त्या मुलांना आठवड्यातून एक दिवस तरी माऊसशिवाय, केवळ एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या सर्व्हरला आज्ञा टाइप करून, काम करायला लावा. यावर मी ठाम आहे.