युथ ग्रुपला पिक्चर दाखवला, पण लेकरं मनातलं बोलंनात. काय करावं?

जालन्याची ताई
प्रभूच्या नावात सलाम सगळ्यांना. आमच्या मंडळीचा (चर्चचा) युथ ग्रुप मी बघते, रविवारी उपासना झाली की १५-२० लेकरं थांबतात, आठवी ते बारावीची. मागच्या महिन्यात प्रोजेक्टर मागून आणला आन् 'फेसिंग द जायंट्स' लावला, २००६ चा आहे, फुटबॉल कोचचा. तो पोरगा डोळ्याला पट्टी बांधून, पाठीवर दुसऱ्याला घेऊन हातापायावर रांगत सगळं मैदान पार करतो तिथं तर टाळ्याच पडल्या. पण संपल्यावर विचारलं काय शिकलो, तर सगळ्यांचं एकच, प्रार्थना करावी, विश्वास ठेवावा. झालं. मग जाताना एक बारावीची पोरगी चपला घालता घालता हळूच म्हणली, ताई त्यांचं सगळं नीट झालं, मी दोन वर्षं झालं प्रार्थना करायले पण पप्पांची दारू सुटंना, म्हणजे माझाच विश्वास कमी आहे का. मला काहीच सुचलं नाही, तिचा हात धरून उभी राहिले नुसती. त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. पिक्चर दाखवणं बंद करावं का, का माझं दाखवायचंच चुकायलंय?

लातूरकर
ताई बंद करू नका, पण पूर्ण दाखवू नका. त्या पिक्चरात शेवटी टीम जिंकते, बायकोला दिवस जातात, कोचला नवी गाडी पण भेटते. सगळं मिळाल्यावर लेकरानं कोणत्या तोंडानं म्हणावं की आमच्या घरी असं नाही झालं? आमच्याकडं नीटची रिपीटर पोरं लई, नांदेड परभणीहून येऊन रूम करून राहतात, मेसचं खातात, घरी फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणतात. त्यांना शेवटी जिंकलेला हिरो दाखवला की ती अजूनच गप. म्हणून मी अडचण सगळ्यात मोठी झाली की तिथंच पॉज करतो आन् चिठ्ठ्या वाटतो. सगळ्यांना एकसारखा पेन, नाव लिहायचं नाही, आन् दानाची थैली फिरवतो. ज्याला काही लिहायचं नाही त्यानं कोरी चिठ्ठी टाकायची, पण टाकायची सगळ्यांनी, म्हणजे कोणी लिहिलं ते कळत नाही. पहिल्या वेळेस ११ चिठ्ठ्यांत ८ कोऱ्या होत्या. चौथ्या वेळेस २ च.

बीडच्या बाई (रिटायर)
भाषेचं पण बघा. मराठी मिडियमच्या लेकरांना इंग्रजी पिक्चर दोन तास बसून काय कळणार, सबटायटल वाचण्यातच जीव जातो. मी १५ मिनिटांचा तुकडा घेते आणि आधी मराठीत गोष्ट सांगते. २०१९ चा 'ओव्हरकमर' बघा. हॅना नावाची पोरगी, दम्याचा त्रास असून पळते, आजीपाशी राहते, बाप मेला असं तिला सांगितलेलं, आणि दुसऱ्यांच्या वस्तू चोरायची सवय. आमच्याकडं मायबाप ऊसतोडीला गेले की लेकरं सहा-सहा महिने आजीपाशीच राहतात. मी एवढंच विचारलं, ही चोरी कामून करत असंल? नववीचा एक पोरगा म्हणला, "बाई, तिला कुणी इचारतच नसंल." त्या दिवशी पुढचं लावलंच नाही, बोलतच बसलो.

मंडळीचा पाळक
त्या मुलीला पहिल्यांदा हे सांगा की बापाची दारू तिच्या विश्वासाच्या मापानं सुटत नसते. दारूचं व्यसन हा आजार आहे, त्याला इलाज लागतो. मग बायबलातला १ राजे, अध्याय १९ वाचा तिच्यासोबत. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो, आणि देवदूत येऊन त्याला उपदेश करत नाही, ऊठ खा म्हणतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाण्याची सुरई. तो खातो आणि परत झोपतो, देव झोपू देतो. आमच्या पोरांना हे कुणी सांगितलंच नाही, मी पण लई वर्षं नाही सांगितलं, त्याचं मला वाईट वाटतं.
अजून एक, लेकरं मोकळी बोलायला लागली की काहीही बाहेर येतं. "कुणाला सांगणार नाही" असं वचन आधी देऊ नका. १८ वर्षांखालच्या लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवावंच लागतं, ते मंडळीत मिटवायचं नसतं. १०९८ चाइल्ड हेल्पलाइन आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ टेली मानस, दोन्ही नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. खोलीत दोन मोठी माणसं पाहिजेत, त्यात एक बाई. आईवडील नको, कमिटीवाले तर मुळीच नको.

जालन्याची ताई
वाचता वाचता रडायला आलं खरंच. काल त्या पोरीच्या घरी जाऊन आले, अंगणात बसून एलीयाचं वाचलं, ती म्हणली "देव त्याला रागावला पण नाही?" आन् मग बरंच बोलली, ते इथं लिहीत नाही. येत्या रविवारी ओव्हरकमर लावते. बाई, नेमका कुठं थांबवू?

बीडच्या बाई (रिटायर)
हॅनाला कळतं ना की बाप जिवंत आहे, तिथं. आणि लगेच प्रश्न विचारू नका, पाच मिनिटं गप बसू द्या लेकरांना.