युरियाने करपलेली हिरवळ वाचेल का?

प्रश्न : पुण्यात घरासमोर सुमारे 200 चौरस फुटांचे हरळीचे लॉन आहे. गेल्या आठवड्यात त्यावर दोन किलो युरिया मुठीने फेकला आणि पाणी दुसऱ्या दिवशी दिले. आता जिथे मूठ जड पडली, तिथे तळहाताएवढे तपकिरी डाग उमटले आहेत. आईने जपलेली ही हिरवळ वाचवायची आहे.

उत्तर : युरियात 46 टक्के नत्र असते, त्यामुळे एवढ्या जागेला एका वेळी 200 ग्रॅम पुरेसा होतो. उरलेले दाणे आधी वेचून घ्यावेत आणि आठवडाभर रोज सकाळी, पाणी मुळांच्या खाली झिरपेल पण साचणार नाही, इतके भरपूर द्यावे. जिप्समची (खारवट माती सुधारायला टाकतात त्या खनिजाची) येथे गरज नाही.

उत्तर : डागाच्या कडेचा धावता कोंब (जमिनीलगत आडवा पसरणारा देठ) नखाने खरवडून पाहावा. आत पांढरा आणि ओलसर असेल, तर हरळी आपणहून फुटेल. कोरडा, काडीसारखा मोडत असेल, तर मेलेले गवत काढून वरची दोन इंच माती बदलावी आणि शेजारच्या निरोगी भागातले मुळांसकट तुकडे लावावेत. नवी पालवी येईपर्यंत कोणतेही खत देऊ नये, शेणखतसुद्धा.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. तीन डागांत कोंब ओला निघाला. पाणी आजच सुरू केले.