मॅगझिनमधल्या काडतुसांना तेल लावावं का?

पाचवी_गोळी (धागाकर्ता)

रेंजवर हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात आणि दोन्हीकडचे शपथेवर बोलतात. म्हणून इथे मांडतोय. .२२ च्या सेमी-ऑटो टार्गेट पिस्तुलाचं मॅगझिन भरल्यावर वरच्या काडतुसाला हलक्या तेलाचा एक थेंब लावावा की नाही? माझं मत, लावावा.

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासूनचं, आणि त्याची घडणही त्याच काळातली आहे. इतर बहुतेक काडतुसांत गोळी पुंगळीच्या तोंडात बसते. इथे गोळीची फक्त मागची, बारीक केलेली टाच आत जाते. उरलेलं शिसं पुंगळीइतक्याच जाडीचं आणि उघडं राहतं. त्या शिशावर कारखान्यातच मेण किंवा ग्रीस चढवलेलं असतं. त्यामुळे "काडतुसाला वंगण म्हणजे पाप" हा नियम इथे कोणी लावू नये. हे काडतूस वंगण लावूनच डब्यात भरतात. वाद असलाच तर कारखान्यातलं वंगण पुरतं का, एवढ्यापुरता आहे.

मला वाटतं नेहमी पुरत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलाचं चेंबर, म्हणजे नळीच्या मागची काडतूस बसायची पोकळी, घट्ट असतं. स्टँडर्ड वेगाची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅम, आणि सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास जाणारी. स्लाइडला कसलं लॉक नाही, गॅसचा पिस्टन नाही. पुंगळी मागे जो रेटा देते तेवढ्याच जोरावर स्लाइडने मागे जायचं, रिकामी पुंगळी फेकायची आणि येताना पुढचं काडतूस घेऊन यायचं. मेण कोरडं असेल, चेंबरमध्ये राख धरली असेल, तर या तुटपुंज्या जोरातला काही घर्षणात जातो आणि पुंगळी अर्धवट निघून तिथेच अडकते. आपल्याकडे चांगली मॅचची काडतुसं बाहेरून येतात, हवा तो लॉट (कारखान्यातली एक खेप) निवडायची चैन फार थोड्यांना आहे. पिस्तुलाला जे मानवत नाही तेही मारावं लागतं.

२५ मीटर पिस्तूलच्या रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट मारायच्या टप्प्यात, टार्गेट ३ सेकंद दिसतं आणि ७ सेकंद लपतं. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये, पालेंबांगला, ३४-३४ बरोबरी झाल्यावर दोन शूट-ऑफ मारून सोनं घेतलं. अशा वेळी कुणाची पुंगळी अडकली तर? एका थेंबाने ते टळत असेल तर मी तरी सोवळं पाळत बसणार नाही.

रेंजकर

थेंबाने जॅम कमी होतो हे मान्य. म्हणूनच मी त्याच्या विरोधात आहे.

पिस्तूल अडकतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं. चेंबरच्या तोंडाशी मेण, शिसं आणि राख यांचं कडं जमलेलं असतं, त्यामुळे काडतूस पूर्ण आत बसत नाही. एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या, नखाखाली घाण असते, किंवा नख झिजलेलं असतं. मॅगझिनचे ओठ फाकलेले असतात. स्प्रिंग वर्षानुवर्षं बदललेली नसते. तेलाच्या थेंबाने यातलं काहीच दुरुस्त होत नाही, फक्त काही आठवडे लपतं. वर ते तेल राखेत मिसळून काळं खरवड तयार होतं. तेच पुढे स्ट्रायकरच्या (काडतुसावर ठोका मारणाऱ्या पिनेच्या) भोकात शिरतं, स्ट्रायकर मंदावतो, कडेवर हलका ठोका बसतो आणि मिसफायर होतो. मग लोक म्हणतात काडतुसं खराब आली!

दुसरं म्हणजे .२२ ची दारू पेटवणारं मिश्रण पुंगळीच्या कडेच्या पोकळीत असतं, वेगळी टोपी नसते. गोळी आणि पुंगळी यांचा सांधा काही हवाबंद नसतो. पातळ, झिरपणारं तेल तिथून आत जाऊ शकतं. तेल लावून रात्रभर भरून ठेवलेलं मॅगझिन मी कुणाच्याच हातात देणार नाही.

काडतुसाला तेल लावणारे चेंबरमध्ये ब्रश घालत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघत आलोय.

उगाच_एक

शीर्षक वाचून वाटलं १८५७ वर धागा आहे. 😀 चालू द्या.

तोफखाना

"पाप नाही" इतक्या सहज म्हणू नका. पाचवी_गोळी, इतिहास जरा वेगळा आहे.

काडतूस फुटतं तेव्हा पितळेची पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते. त्या पकडीमुळे मागे बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर, येणारा रेटा कमी होतो. मध्ये तेल आलं की पकड सुटते आणि रेटा वाढतो. ऑस्ट्रियाच्या श्वार्झलोझे मशीनगनमध्ये याच कारणाने १९०७ च्या मॉडेलला तेलाचा पंप होता, प्रत्येक काडतुसावर तेल, म्हणजे पुंगळी सहज निघावी. १९१२ च्या सुधारणेत त्यांनी तो पंप काढून टाकला. अमेरिकेत पेडरसनने आपल्या रायफलसाठी पुंगळ्यांवर मेणाचा पातळ थर दिला होता, पण सैन्याने शेवटी गॅरंड घेतली. आणि १९२१ ला कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय स्पर्धेत .३०-०६ च्या कथलाचा मुलामा दिलेल्या गोळ्यांना काहींनी ग्रीस चोपडलं, तेव्हा दाब धोक्याच्या पातळीला गेले. अमेरिकी सैन्यातले शस्त्रतज्ज्ञ हॅचर यांनी त्याची कारणं नंतर शोधून काढली. हे सगळं शिकून लोकांनी वंगण सोडलं.

एरीकाठचा

ओहायोतून लिहितोय, कॅम्प पेरी इथून लांब नाही. तोफखाना काका, तुमची माहिती बरोबर आहे पण तुम्ही ती चुकीच्या काडतुसाला लावताय. १९२१ ची भानगड .३०-०६ ची. त्याचा दाब .२२ च्या दुपटीहून जास्त (.२२ लाँग रायफलची इथली कमाल मर्यादा २४,००० पीएसआय). शिवाय तिथे ग्रीस पुंगळीच्या मानेभोवती साठून मानेला फुगायला जागाच देत नव्हतं. .२२ ला तशी मानच नाही. ब्लोबॅक पिस्तुलात, म्हणजे फक्त पुंगळीच्या रेट्यावर चालणाऱ्या या पिस्तुलात, तर पुंगळी थोडी मागे सरकायलाच हवी, त्याशिवाय ते चालणारच नाही. श्वार्झलोझेवाल्यांना नेमकं तेच हवं होतं.

इकडच्या बुल्सआय नावाच्या पिस्तूल स्पर्धांत हा प्रकार जुना आहे. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ४१ घट्ट चेंबरसाठी ओळखलं जातं, ते वापरणारे पुष्कळ जण मॅगझिन भरलं की वरच्या एकदोन गोळ्यांवर तेलाचा थेंब सोडतात. चोरून नाही, सगळ्यांसमोर, बेंचवर छोटी बाटली ठेवून. सकाळच्या पहिल्या रिलेला (नेमबाजांच्या पहिल्या तुकडीला) थंडीने मेण कडक असतं तेव्हा तर हमखास.

एकच त्रास, जो इथे कोणी बोललं नाही. स्लाइड मागे येते तेव्हा तेलाचे बारीक शिंतोडे चष्म्यावर उडतात. जरा जास्त लावलं की चौथ्या गोळीला पुढची साइट धूसर.

तोफखाना

दाबाचा मुद्दा घेतला. पण रेटा वाढतो हे तुम्हीही नाकारत नाही. तो रेटा स्लाइड आणि फ्रेमवर वर्षानुवर्षं बसतो. तुमच्याकडे पिस्तूल बदलणं सोपं आहे. इथे आयातीचं पिस्तूल, परवान्यावरची नोंद, सुट्या भागांची वाट. नेमबाज ते जन्मभर सांभाळतो.

एरीकाठचा

तेवढ्या वाढीव रेट्यापेक्षा हाय व्हेलॉसिटी काडतुसं जास्त मार देतात, आणि ती मारणारे काही कमी नाहीत. तरी मुद्दा नोंदवून ठेवतो.

सांगलीचा_पप्पू

टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं होतं ना? तेल लावलं असतं तर पदक आलं असतं.

रेंजकर

पप्पूशेठ, ते १० मीटर एअर पिस्तूल होतं. त्यात काडतूसच नसतं. तिथे कॉकिंग लिव्हर (पिस्तूल चढवायचा दांडा) गेला होता. दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ गुण झाले आणि फायनल २ गुणांनी हुकली. कशाचा संबंध कशाशी जोडताय?

शेवटची_रिले

मी स्पर्धांना रेंज ऑफिसर म्हणून उभी राहते, म्हणून नियमाकडून बोलते. इथे सगळे जॅम टाळण्यावर बोलताय, झाल्यावर काय होतं ते कोणी सांगितलं नाही.

२५ मीटरला बिघाडाचे दोन प्रकार धरतात, मान्य होणारा आणि न होणारा. पुंगळी अडकली, काडतूस फुटलंच नाही, हे साधारण मान्य होतं. मग उरलेले शॉट मारायला किंवा सिरीज पुन्हा मारायला मिळते, जशी स्पर्धा असेल तसं. पण त्यासाठी पिस्तूल समोर रोखून धरायचं, ब्रीचला (नळीच्या मागच्या तोंडाला) हात लावायचा नाही, रिकामा हात वर करायचा. आपली मुलं घाबरून स्लाइड ओढतात आणि तिथेच हक्क घालवतात. मान्य न होणाऱ्या यादीत आणखी एक कलम आहे: नेमबाजाला वाजवीपणे दूर करता आलं असतं अशा कारणाने झालेला बिघाड. न मारलेले शॉट मग शून्य.

या कलमात घाणेरडं चेंबर बसतं की नाही यावर ज्युरीत वाद होऊ शकतो. पण तेल आणि राखेच्या चिखलाने स्ट्रायकर अडकलेला दिसला, तर "माझ्या हातात नव्हतं" हे कोण ऐकून घेईल? मी तरी नाही. त्यामुळे तेल लावायचं तर लावा, पण त्या दिवशी पिस्तूल उघडून पुसलंत का, हे आधी सांगा.

पाचवी_गोळी

ताई, हे कलम धाग्यात वरच असायला हवं होतं, धन्यवाद. पण त्याचा दुसरा अर्थही निघतो. कोरड्या मेणाचं काडतूस माझ्या पिस्तुलात अडकतं हे मला सरावात कळलंय आणि थेंब लावून ते थांबतं हेही कळलंय. मग स्पर्धेत थेंब न लावता गेलो तर वाजवीपणे दूर करता येणारं कारण मीच सोडून दिलं, असं नाही का होत?

रेंजकर, तुमचा "लपवतं" हा मुद्दा स्प्रिंग आणि एक्स्ट्रॅक्टरपुरता पटतो. पण सगळं नवं, सगळं स्वच्छ, आणि तरी एखाद्या लॉटवर अडकणारी पिस्तुलं असतात. तिथे पिस्तूल काय सांगत असतं? एवढंच, की हे काडतूस मला नको. आणि दुसरं माझ्याकडे नसतं.

रेंजकर

मग रिकॉइल स्प्रिंग एक पायरी हलकी घाला. उत्पादक देतात, ते त्याचसाठी. तेलापेक्षा ते प्रामाणिक आहे. आणि ग्रुपिंगचं, म्हणजे गोळ्या एकाच जागी पडण्याचं, काय? नळी एका वंगणाला सरावलेली असते. रायफलवाले काडतुसाचा ब्रँड बदलला तरी आधी नळी रुळू देतात, मगच गुणांसाठी मारतात. तुम्ही मॅगझिनच्या एका गोळीला तेल आणि चारांना नाही असं मारणार. पहिली गोळी वेगळी जाणार.

एरीकाठचा

रायफलचं उदाहरण इथे चालत नाही. ५० मीटर रायफलचं दहाचं वर्तुळ १०.४ मिमी. २५ मीटर प्रिसिजनचं (सावकाश, नेम धरून मारायच्या टप्प्याचं) ५० मिमी, रॅपिडचं १०० मिमी. रायफलवाल्याची झोप उडवणारा फरक रॅपिडच्या दहात कुठल्या कुठे मावतो. हाताची थरथर त्याहून मोठी असते.

शेवटची_रिले

रॅपिडपुरतं खरं. प्रिसिजनला मात्र लावू नका. ५ शॉटना ५ मिनिटं असतात, तिथे जॅमने घाई होत नाही, आणि ५० मिमीत कडेची नववी दहावी ठरवायला थोडासा फरक पुरतो. पिस्तूल टेकवून, एकाच लॉटची काडतुसं कोरडी आणि तेलाची वेगवेगळ्या कागदावर मारून बघा ना. इतके दिवस वाद घालताय, कागद कोणीच टाकला नाही इथे.

तोफखाना

ताईंशी सहमत. आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत काडतुसं ठेवणाऱ्यांनी या धाग्यात मतच देऊ नये. मेण मऊ पडून धूळ धरतं, मग कसलं तेल आणि कसलं काय.

सांगलीचा_पप्पू

एअर पिस्तूलचं कळलं, आभार. आता खरा प्रश्न विचारतो. दादाचं जुनं .२२ आहे, क्लबच्या रेंजवर त्याच्यासोबत जातो. शिवणयंत्राचं तेल चालेल का? आणि नेमकं कुठे लावायचं?

पाचवी_गोळी

शिवणयंत्राचं हलकं तेल चालतं. झिरपणारे गंजसोडवे स्प्रे अजिबात नको. गोळीच्या उघड्या शिशावर, पुंगळीच्या तोंडापासून लांब, सुईच्या टोकाएवढं. तेही फायरिंग लाइनवर मॅगझिन भरताना, घरी नाही. आणि आधी दादाला विचार, पिस्तूल त्याचं आहे.

रेंजकर

आधी चेंबरला ब्रश मार. त्यानंतरही अडकलं तर हे वाच. आणि लावलंसच तर चष्मा पुसायला फडकं सोबत ठेव.